“जोरानं दे ना वं” : मावशीची कंबर आणि शियात्सू शिकणारे माझे हात

हे प्रकरण मी मावशीला विचारूनच लिहीत आहे. नाव टाकू नको म्हणाली, बाकी सगळं लिही म्हणाली, माझी चूकही लिही म्हणाली. मावशी सख्खी नाही, आमच्या घरामागं राहते. वय ५४, वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमच्या गावात लग्न होऊन आली तेव्हापासून लोकांच्या वावरात जाते, निंदण, सोयाबीन सोंगणी, आणि दिवाळीपासून कापूस वेचणी. मागच्या सीझनला दुसऱ्या वेच्याच्या वेळी तिची कंबर धरली आणि मी नागपूरला शियात्सू शिकून आली हे तिला माहीत होतं, म्हणून एका संध्याकाळी ती आमच्या सपरीत येऊन बसली, म्हणजे बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली कारण बसताच येत नव्हतं.

आधी माझं शिक्षण किती ते सांगते, कारण ते लपवलं तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही. मी नागपूरला सहा रविवार जाऊन प्राथमिक कोर्स केला. सकाळी गाडी पकडायची, दिवसभर शिकायचं, रात्री परत. शियात्सू म्हणजे जपानी मालिश असं आपण म्हणतो पण त्या शब्दाचा अर्थच बोटांचा दाब असा आहे, शि म्हणजे बोट आणि आत्सू म्हणजे दाब. ही पद्धत जपानमध्ये रूढ करणारे तोकुजिरो नामिकोशी (जन्म १९०५), त्यांच्या आईचे सांधे दुखायचे, घर होक्काइदोच्या थंडीत, डॉक्टर जवळ नाही, तर ते लहानपणी आईचं अंग दाबून द्यायचे, तिथून सुरुवात. पुढं १९४० मध्ये त्यांनी तोक्योत शाळा काढली. मला ही गोष्ट मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितली आणि ती मनात राहिली, कारण आपल्याकडंही घरोघरी नातवंडं आजीचे पाय दाबतातच की. पण आज जपानमध्ये हे काम करायचं तर तीन वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परीक्षा लागते. माझे सहा रविवार त्यापुढं काय आहेत ते मला माहीत आहे, म्हणून मी कुणाकडून पैसे घेत नाही आणि घरच्या आणि शेजारच्या बायकांपलीकडं जात नाही.

तर मावशी. दुखणं उजव्या बाजूचं, कंबरेच्या खालून निघून कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत. तीन आठवडे झालेले. सकाळी बाजेवरून उठताना सगळ्यात जास्त, आणि वेचताना वाकून सरळ होताना कळ. तोपर्यंत तिनं काय काय केलं होतं ते मी मुद्दाम विचारलं. जवसाचं तेल गरम करून सुनेकडून चोळून घेतलं. चमक भरली असेल म्हणून वाड्यातल्या एका पायाळू पोट्ट्याकडून पाठीला पाय लावून घेतला. मग बाजूच्या गावात एकजण नस बसवून देतो त्याच्याकडं गेली, त्यानं कमरेला असा झटका दिला की दोन दिवस उठता आलं नाही. मग मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या, त्यानं पोटात जळजळ. यातली एकही गोष्ट तिनं मूर्खपणानं केली नाही हे मला ठामपणे लिहायचं आहे, जे हाताशी होतं आणि ज्यात मजुरी बुडत नव्हती ते तिनं केलं. पण या सगळ्यांत एक समज सारखी होती, की जितकं दुखलं तितकं बरं. दुखल्याशिवाय दुखणं उतरत नाही. या समजुतीनंच पुढं आम्हा दोघींना त्रास दिला.

मी लगेच हात लावला नाही, हे एक काम मी बरोबर केलं. आमच्या मॅडमनं प्रश्नांची वही करून दिली होती, ती घेऊन बसली. पडली होती का, ताप येतो का, वजन उतरलं का, लघवी-संडासवर ताबा आहे का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, पाय लुळा वाटतो का, शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या. यातले बरेच प्रश्न असे आहेत की एकाचंही उत्तर हो आलं तर शियात्सू बाजूला ठेवून माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि लघवीचा ताबा जाणं किंवा बसायची जागा बधिर होणं हे असेल तर त्याच दिवशी, उद्यावर नाही. मावशीचं सगळ्याला नाही आलं. तरी तिला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय वर करून पाहिले, सायटिकाचं दिसते म्हणाले, पाच दिवसाच्या गोळ्या दिल्या, पडून राहू नका हळूहळू चालत राहा आणि पायात ताकद कमी वाटली तर लगेच या. हे शेवटचं वाक्य मावशी घरी येईपर्यंत विसरली, पण सून सोबत होती म्हणून मला कळलं.

पहिलं सेशन मी सपरीत घेतलं. बाज नको, कारण बाजेची दोरी खाली लोंबते आणि दाब दिला की अंगच खाली जातं, दाब पोचत नाही. सारवलेल्या जमिनीवर दोन गोधड्या दुमडून टाकल्या. मावशीनं पहिला प्रश्न केला, “तेल कुठी हाय?” मी म्हटलं यात तेल लागत नाही, कपड्यावरूनच करतात, चोळत नाहीत. तिला हे पटलं नाही हे तोंडावरूनच दिसलं. परकराची नाडी ढिली करायला लावली, कारण ती गाठ नेमकी जिथं दाब द्यायचा तिथंच येते, हे नागपूरच्या क्लासमध्ये कुणालाच शिकवायची गरज पडली नव्हती, तिथं सगळ्या ट्रॅकपँट घालून यायच्या. पालथी झोपवली तर कळ आली, मग पोटाखाली उशी घातली.

आणि मग मी चुकली.

पाठीच्या मणक्यापासून दोन बोटं सोडून दोन्ही बाजूला वरून खाली अंगठ्यानं यायचं असतं, मणक्याच्या हाडावर कधीच दाबायचं नाही, हे सगळं मला पाठ होतं आणि मी जागा बरोबर धरल्या होत्या. पण मावशी म्हणे, “जोरानं दे ना वं पोरी, मले काई होत नाई.” मी जोर लावला. “अजून दे.” अजून लावला. कुल्ल्यात जिथं खरी दुखायची जागा होती तिथं मी अंगठा वाकवून टोकानं दाबत बसली, खांद्यातून ताकद काढून, घाम फुटेपर्यंत, आणि मावशी हूं की चूं करत नव्हती म्हणून मला वाटलं काम होऊन राहिलं. पाऊण तास. उठल्यावर ती म्हणाली बरं वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वावरात जाऊ शकली नाही. कुल्ल्यावर निळा डाग. एक दिवसाची मजुरी गेली, आणि ऐन वेच्यात किलोवर मिळणारी मजुरी म्हणजे तिच्या घराचं महिनाभराचं गणित असतं, ती दिवसाला ४० किलोच्या आसपास वेचते. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधाही सुजला होता पण त्याचं काय, माझं काही बुडालं नव्हतं. तिनं मला एक शब्द बोलला नाही, उलट सुनेला म्हणाली की आतली घाण बाहेर निघून राहिली असंल. मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं. रागावली असती तर बरं होतं.

मी रात्री मॅडमला फोन केला. सगळं ऐकून त्यांनी मला अंगठ्याबद्दल काहीच विचारलं नाही, विचारलं की दाब देताना तिचा श्वास कसा होता. मला सांगता आलं नाही, मी पाहिलाच नव्हता. मग विचारलं पायाची बोटं? हात कुठं होते? तेव्हा मला आठवलं की तिनं गोधडीचा कोपरा मुठीत घट्ट धरून ठेवला होता, पूर्ण वेळ. म्हणजे ती सांगत होती, तोंडानं नाही, मुठीनं. जन्मभर ज्या बाईला कुणी विचारलं नाही की दुखते का, ती गोधडीवर पडल्या पडल्या एकदम दुखते म्हणून सांगेल ही अपेक्षाच माझी चूक होती. क्लासमध्ये आम्ही एकमेकींवर शिकलो, पंचवीस-तीस वर्षांच्या पोरी, जरा लागलं की आई गं म्हणून ओरडायच्या, त्यामुळं दाब किती हे समोरचीच सांगायची. इथं ते चालणार नव्हतं.

मग मी चार दिवस फक्त सराव केला आणि तो कसा केला ते जरा सविस्तर लिहिते कारण घरी शिकणाऱ्या बायकांच्या हे कामी येईल. आमच्या घरी कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तो जमिनीवर ठेवला, वर घडी केलेलं पोतं, आणि गुडघ्यावर बसून तळहात ठेवला. आधी हाताच्या ताकदीनं दाबून पाहिलं, काटा ७ वरून ११ वर, ११ वरून ६ वर, सारखा नाचतो. मग मॅडमनं शिकवल्यासारखं कोपर सरळ पण ताठ नाही, खांदे सैल, आणि पोटातून पुढं झुकायचं, बेंबीच्या खालच्या भागाला जपानीत हारा म्हणतात तिथून. म्हणजे दाबायचं नाहीच, आपलं वजन हळूच टेकवायचं. झुकलं की काटा सावकाश चढतो आणि ८ वर थांबतो आणि थांबूनच राहतो. तो फरक एकदा डोळ्यानं पाहिला की हाताला समजतो. क्लासमध्ये आम्हाला लहान लेकरासारखं रांगायला लावायचे, तेव्हा काहून ते समजलं नव्हतं, आता समजलं, रांगताना लेकरू हातानं जमीन दाबत नाही, त्याचं वजन आपोआप तळहातावर येतं.

अंगठ्याचंही तेच. टोक नाही, अंगठ्याचा गादीसारखा भाग टेकवायचा, अंगठा सरळ, बाकीची चार बोटं पसरून अंगावर टेकलेली म्हणजे अंगठ्यावर सगळा भार येत नाही. दाब अंगाला काटकोनात, तिरपा नाही, तिरपा झाला की कातडी ओढल्या जाते आणि समोरचा माणूस आखडतो. श्वास सोडताना हळूच आत, तीन ते पाच सेकंद थांबायचं, आणि तितक्याच हळू बाहेर. बाहेर यायची घाई सगळेच करतात. आणि दुसरा हात. झेन शियात्सूची पद्धत मांडणारे शिझुतो मासुनागा, त्यांच्या पद्धतीत एक हात हलतो आणि दुसरा एका जागी नुसता ठेवलेला असतो, त्या थांबलेल्या हाताला आईचा हात म्हणतात. मला आधी तो हात म्हणजे उगाच वाटायचा. पण श्वास कळतो तो त्याच हाताला. कंबरेवर नुसता ठेवला की खालून श्वास वर येतो का अडकतो ते तळहाताला समजतं, तोंडाकडं पाहायची गरज नाही.

दुसरं सेशन पाचव्या दिवशी. या वेळी कुशीवर, डाव्या कुशीवर झोपवली, वरचा गुडघा वाकवून त्याखाली उशी. कळ आली नाही. डाग होता ती जागा पूर्ण सोडली. फक्त तळहात, पाठ, कंबरेच्या खालचं त्रिकोणी हाड, मांडीची बाहेरची बाजू. बरगड्यांच्या खाली जिथं किडन्या असतात तिथं अगदी हलकं. गुडघ्याच्या मागची खळी सोडायची, तिथं नसा आणि रक्तवाहिन्या वरच असतात. डाव्या पोटरीत तिच्या नसा फुगून वेटोळ्या झालेल्या आहेत, वर्षानुवर्षं उभं राहून होते तसं, तिथं अजिबात दाब नाही, आणि मी तिला सांगून ठेवलं की तिथं सुनेला चोळायलाही लावू नको. पंचवीस मिनिटं. अर्ध्यात मावशी घोरायला लागली. उठल्यावर नाराज झाली, म्हणे मी झोपली त तू काईच केलं नाई. मला तिला समजावून सांगता आलं नाही, मी म्हटलं सकाळी पाहू. सकाळी ती बाजेवरून उठताना भिंत न धरता उठली आणि वावरात गेली.

तिसऱ्या सेशनला मी वावरातच गेली आधी, तिला वेचताना पाहायला. यानं जितकं समजलं तितकं गोधडीवर समजलं नसतं. कापूस वेचून बाया कमरेला बांधलेल्या ओटीत टाकतात, मावशीची ओटी सहा-सात किलो होईपर्यंत ती रिकामी करत नव्हती कारण बांधावरच्या ढिगापर्यंत जायला वेळ जातो. तो भार पोटाच्या पुढं लोंबतो, त्यात पऱ्हाटीच्या खालच्या बोंडासाठी वाकायचं, आणि ती नेहमी उजवीकडंच वळून वेचते. मी दिवसभर तिच्या पाठीवर हात ठेवून बसली असती तरी हे ओझं रोज सकाळी परत येणारच होतं. ओटी अर्धी झाली की रिकामी करायची आणि एका ओळीत उजवीकडून, दुसऱ्या ओळीत डावीकडून असं ठरलं. वावरवाल्याला आवडलं नाही, चार दिवस कुरकुरला. मावशीनं ऐकून घेतलं पण ओटी अर्धीच ठेवली.

चौथ्या सेशनपर्यंत सगळं बरं चाललं होतं आणि मला माझ्या हातांचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. तळव्याला दाब देता देता गप्पा सुरू होत्या आणि मावशी सहज बोलली, “आजकाल उजवी चप्पल रस्त्यात निसटून जाते, मले समजतच नाई, मांगं वळून पाहाव लागते.” ती हसत सांगत होती, चप्पल जुनी झाली म्हणून. माझे हात थांबले. तिला उभं केलं आणि टाचांवर चालून दाखव म्हटलं. डाव्या पायाचा पंजा वर उचलला, उजव्याचा नीट उचलल्याच जात नव्हता. दुखणं कमी झालं होतं पण ताकद गेली होती, आणि डॉक्टरांनी नेमकं हेच सांगून ठेवलं होतं. दुखणं कमी झालं म्हणजे बरं झालं असं नसतं हे मी वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यासमोर पाहिलं. मी तिथंच सेशन बंद केलं. मावशीला पटेना, आता कुठी बरं वाटून राहिलं, वेचा संपला की जाऊ म्हणे. मी तिच्या मुलाला वावरातून बोलावून आणलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात.

तिथं तपासणी झाली, एमआरआय झाला. कंबरेच्या मणक्यांमधली गादी सरकून पायाकडं जाणारी नस दबली होती. ऑपरेशनची घाई नाही, औषध आणि व्यायाम करा, ठरलेल्या तारखांना दाखवायला या, आणि ताकद अजून कमी झाली किंवा लघवीला त्रास झाला तर रात्री-बेरात्री या. मी सोबत होती, मी विचारलं की मी हातानं दाब देते ते चालेल का. डॉक्टरांनी मला काय करते ते करून दाखवायला लावलं. मग म्हणाले कंबरेवर जोर नाही, पिळणं-झटका अजिबात नाही, पाय आणि पाठीच्या वरच्या भागाला हलका हात चालेल, तिला आराम वाटत असेल तर. त्यापुढं मी तेवढंच केलं. पाठीचा वरचा भाग, खांदे, हात, तळवे, आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला जो बिंदू आहे, जपानीत आशी-सानरी, तिथं अंगठा टेकवून तीन श्वास. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. व्यायाम मात्र रोज, आणि ते सून करून घ्यायची.

बरं कशानं झालं? हे मला स्वतःशी खरं बोलायचं आहे. सायटिकाचं दुखणं बऱ्याच लोकांचं काही आठवड्यांत आपोआपही उतरतं. औषध होतं, व्यायाम होता, ओटीचं ओझं अर्धं झालं होतं, दवाखान्यानंतर तीन आठवडे ती वेचायला गेलीच नाही. शियात्सूत जे ऊर्जेचे मार्ग सांगतात ते शरीर कापून पाहिलं तर दिसत नाहीत, मी त्यांच्याकडं हात कुठून कुठं न्यायचा याचा नकाशा म्हणून पाहते आणि तितकाच त्यांचा उपयोग करते. सरकलेली गादी मी हातानं जागेवर बसवली असं मी कधीच म्हणणार नाही आणि कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. माझ्या हातानं जे झालं ते मला दिसलं तेवढं सांगते, ज्या रात्री सेशन व्हायचं त्या रात्री ती सलग झोपायची, हे सुनेनं वहीत लिहून ठेवलं आहे. आणि दुसरं म्हणजे चपलीची गोष्ट ती डॉक्टरांसमोर कधीच बोलली नसती, तिला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटत नव्हती, पाय कुणाच्या तरी हातात होता म्हणून बोलली.

साधारण सहा आठवड्यांनी ती टाचांवर चालून दाखवायला लागली. उजवा पंजा अजून डाव्याइतका वर जात नाही पण चप्पल निसटत नाही. शेवटच्या वेच्याला ती गेली, अर्ध्या दिवसासाठी.

संक्रांतीनंतरचं एक सेशन राहिलं सांगायचं. मी तिच्या खांद्याच्या पाठीमागच्या हाडाजवळ तळहात टेकवून झुकत होती, दुसरा हात कंबरेवर नुसता ठेवलेला, श्वास चांगला चालू होता, माझ्या हिशोबानं सगळं बरोबर होतं. आणि मावशी डोळे बंद ठेवूनच म्हणाली, “पोरी, तिथं नोको. तिथं दुखते.” मी हात उचलला आणि दोन बोटं खाली ठेवला. “हां,” म्हणे, “इथं ठेव.”